बिल मार्चमधलं, पैसे जूनमधे, मग उत्पन्न कुठल्या वर्षाचं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दर मार्चला आपल्या पेपरात इन्कम टॅक्सची माहिती येते, मी ती कापून ठेवते, पण खरं सांगायचं तर ती सगळी पगारदारांसाठी असते. फॉर्म १६, ८०सी, घरभाडं, जुनी रिजीम का नवीन. माझे मिस्टर शिक्षक आहेत, त्यांचा फॉर्म १६ शाळेतून येतो आणि अर्ध्या तासात त्यांचं रिटर्न होऊन जातं. मी मात्र गेली चौदा वर्षं लातूरला स्वतःचं काम करते, सिव्हिल इंजिनिअर आहे, घरांचे प्लॅन, आरसीसी डिझाईन, एस्टिमेट, साईटवर व्हिजिट असं सगळं. आणि दरवर्षी मी एकाच जागी अडकते, की हे पैसे या वर्षात धरायचे का पुढच्या. माझ्यासारखे फोटोग्राफर, वकील, ट्रॅक्टर भाड्यानं चालवणारी पोरं, छोटे गुत्तेदार, घरी बसून कंपन्यांची डिझाईनची कामं करणारी लेकरं, सगळ्यांचाच हा प्रश्न आहे आणि त्यावर कुणी साध्या मराठीत लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्याकडं पैसे कसे येतात ते आधी सांगते. किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात माळवदाच्या घरांची भीतीच बसली, तेव्हापासून खेड्यातला माणूससुद्धा घर बांधताना कॉलम बीमचं विचारतो, त्यामुळं काम आहे, नाही असं नाही. पण फी कधी येणार याचा नेम नाही. प्लॅन जानेवारीत दिला, पाया फेब्रुवारीत भरला, आणि फीचं विचारलं की उत्तर ठरलेलं, मॅडम सोयाबीन निघू द्या की, मोंढ्यात माल घातला की तुमचे पैसे आणून देतो. म्हणजे जानेवारीच्या कामाचे पैसे दसऱ्या दिवाळीला, आणि मधे ३१ मार्च होऊन जातो. २०२५ च्या सप्टेंबरात जो पाऊस आणि पूर झाला त्यात सोयाबीनच वाहून गेलं, माझी पाच सहा घरांची फी अजून आली नाही, आणि त्या लोकांना मागायला माझा जीव होत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात तर बांधकामंच बंद होती, तेव्हाची काही येणी कायमची गेली. आता मला सांगा, ती बुडालेली फी मी उत्पन्न म्हणून दाखवून तिच्यावर टॅक्स भरायचा होता का?

याचं उत्तर कायद्यात आहे, पण ते मला कळलं ते एका नोटिशीनंतर.

झालं असं की मार्च २०२४ मधे एका खासगी संस्थेला मी एका इमारतीचं डिझाईन करून दिलं, संस्थेचं नाव घेत नाही, बिल एक लाख वीस हजारांचं, दिलं २६ मार्चला. संस्थेनं ३१ मार्चला ते बिल आपल्या वह्यात जमाखर्ची टाकलं आणि दहा टक्के टीडीएस (बिलाचे पैसे देणाऱ्यानंच आधी कापून सरकारात भरायचा टॅक्स), म्हणजे बारा हजार, माझ्या पॅनवर भरून टाकले. मला पैसे मिळाले १९ जूनला, एक लाख आठ हजार. मी काय केलं तर जुलैमधे रिटर्न भरताना २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा सरकारी उतारा, बघितला, तिथं माझे बारा हजार दिसले, ते मागितले, पण एक लाख वीस हजार काही त्या वर्षाच्या आवकेत धरले नाहीत कारण ते तर मला जूनमधे मिळालेले. दोन महिन्यांनी मेल आला की तुमचं रिटर्न सदोष आहे, टीडीएस मागता पण त्याचं उत्पन्न दाखवलं नाही, पंधरा दिवसात दुरुस्त करा. मला रात्रभर झोप नाही. चोरी तर आपण केली नाही, मग हे काय.

आमच्या सीए साहेबांनी समजावून सांगितलं आणि तेव्हा कळलं की संस्थेचंही नियमानं बरोबर होतं आणि माझंही अर्धं बरोबर होतं. टीडीएसचा नियम असा की बिल खात्याला जमा करायचं का पैसे द्यायचे, जे आधी होईल तेव्हा कापायचा. म्हणून त्यांनी मार्चमधे कापला. पण माझं उत्पन्न कुठल्या वर्षाचं हे त्यांच्या कापण्यावर ठरत नाही, ते माझ्या हिशोबाच्या पद्धतीवर ठरतं. इन्कम टॅक्सच्या १९६१ च्या कायद्यात कलम १४५ आहे, त्यात दोनच पद्धती सांगितल्यात. एक रोख पद्धत, पैसे हातात किंवा खात्यात आले त्या दिवशी उत्पन्न, आणि खर्चही दिला त्या दिवशी. दुसरी मर्कंटाईल, म्हणजे काम पूर्ण झालं आणि पैसे मागायचा तुमचा हक्क तयार झाला की उत्पन्न, पैसे येवोत न येवोत, आणि खर्चही देणं लागला तेव्हाच. धंदा करणारा किंवा व्यवसाय करणारा माणूस यातली कुठलीही एक धरू शकतो, पण जी धरली ती नेहमी चालवायची. यंदा पैसे कमी आले म्हणून रोख आणि पुढच्या वर्षी बिलं कमी झाली म्हणून मर्कंटाईल असं सोयीनं उड्या मारता येत नाहीत, आणि दोन्हीची खिचडी तर अजिबात चालत नाही.

माझी चूक नेमकी खिचडीची होती. उत्पन्न रोख पद्धतीनं धरलं आणि टीडीएस मात्र त्यांच्या बिलाच्या तारखेनं मागितला. नियम असा आहे की ज्या वर्षी ते उत्पन्न तुम्ही दाखवता त्याच वर्षी त्याचा टीडीएस मिळतो. रिटर्नमधे टीडीएसच्या तक्त्यात एक रकाना असतो, या वर्षी न मागता पुढच्या वर्षी ओढायचा, मी तो कधी नीट बघितलाच नव्हता. मग दुरुस्त रिटर्नमधे ते बारा हजार पुढं ओढले, आणि पुढच्या वर्षी एक लाख वीस हजार आवक दाखवून मागितले, ते मिळाले. एक गोष्ट इथं लक्षात ठेवावी, आवक दाखवायची ती पूर्ण एक लाख वीस हजार, खात्यात आलेले एक लाख आठ हजार नाही, कापलेला टीडीएस हा पण आपलाच पैसा असतो. ही चूक मी चांगल्या चांगल्या लोकांची बघितलीय.

आता कुणी म्हणेल की मॅडम तुम्ही तर कलम ४४एडीए मधे भरता, तुम्हाला हिशोबाची काय चिंता. बरोबर आहे, इंजिनिअर, आर्किटेक्ट, डॉक्टर, वकील, सीए, इंटेरिअरवाले अशा ठराविक व्यवसायांना ती सोय आहे, वर्षाची आवक पन्नास लाखापर्यंत असली, आणि रोखीनं आलेली रक्कम पाच टक्क्याच्या आत असली तर पंचाहत्तर लाखापर्यंत, तर निम्मी आवक हेच उत्पन्न धरायचं, खर्चाच्या पावत्या दाखवायची गरज नाही. पण त्यानं फक्त खर्चाचा प्रश्न सुटतो. आवक कुठल्या वर्षाची हा प्रश्न आहे तिथंच राहतो! उलट जास्तच महत्त्वाचा होतो, कारण मर्कंटाईलनं बिलं धरली आणि नंतर एखाद्यानं पैसे बुडवले तर नेहमीचे हिशोब ठेवणाऱ्याला ते बुडीत येणं म्हणून वजा मागता येतं, निम्म्याच्या हिशोबात वेगळं काही वजा मिळत नाही, सगळं त्या निम्म्यातच आलं. म्हणून माझं मत असं झालंय की ज्यांचे पैसे आमच्यासारखे पिकावर अवलंबून असतात त्यांनी रोख पद्धतच धरावी आणि पहिल्या वर्षापासून तीच चालवावी. न आलेल्या पैशावर टॅक्स भरायची वेळ त्यात येत नाही.

रोख म्हणजे नोटाच असा अर्थ घेऊ नये बरं का, चेक, फोनपे, बँक ट्रान्सफर सगळं त्यातच. आणि चेकचं एक गमतीदार पण खरं प्रकरण सीए साहेबांनी सांगितलं. आमच्या आजीच्या घरी प्रभाकर कंदील होता, तो बनवणाऱ्या ओगले ग्लास वर्क्सचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता, निकाल १९५४ चा. कारखाना औंध संस्थानात, कंदील घेतले भारत सरकारनं, पैशाचे चेक दिल्लीहून टपालानं आले. वाद खरा होता तो पैसे कुठं मिळाले याचा, संस्थानात का ब्रिटिश हिंदुस्थानात, पण त्यात कोर्टानं हेही सांगितलं की चेक वटला तर पैसे चेक मिळाल्या दिवशीच मिळाले असं धरायचं, वटल्याच्या तारखेला नाही. म्हणजे ३० मार्चला घरमालकानं चेक हातात दिला आणि मी तो २ एप्रिलला बँकेत टाकला म्हणून उत्पन्न पुढच्या वर्षात जात नाही. हे कित्येकांना माहीत नाही, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ड्रॉवरमधे चेक ठेवून बसणारे मी बघितलेत.

तसंच पैसे माझ्या खात्यावर न घेता नवऱ्याच्या खात्यावर टाकायला लावले, किंवा घरमालकाला सांगितलं की माझी अमुक दुकानाची उधारी आहे ती परस्पर भागवून टाका, तरी ती माझीच आवक, त्याच दिवशीची. आणि धान्याचं काय? दोन वर्षांखाली औसा तालुक्यातल्या एका काकांनी फीतल्या काही रकमेऐवजी एक क्विंटल तूर आणून टाकली, प्रेमानं आणली, मी नाही म्हणू शकले नाही. व्यवसायातनं वस्तुरूपात मिळालेला लाभ पण उत्पन्नच आहे, मी त्या दिवशीच्या मोंढ्यातल्या भावानं त्याची रक्कम वहीत लिहिली. कुणी मला म्हणालं अहो शेतकऱ्याचा पैसा आहे, शेतीला टॅक्स नाही. शेतीला नाही, त्यांच्या हातात ते शेतीचं उत्पन्न, माझ्या हातात आलं की ती माझी फी. तीच गोष्ट ट्रॅक्टरवाल्या पोरांची, स्वतःच्या रानातली नांगरट वेगळी आणि लोकांच्या रानात भाड्यानं केलेली वेगळी, ते भाडं धंद्याचं उत्पन्न आहे, ते राशीच्या वेळेला आलं तरी.

आता उलटा प्रकार बघा. आमच्या शेजारचा मुलगा लग्नाचे फोटो काढतो. त्याची सगळी लगीनसराई एप्रिल मे ची, पण बयाणा घेतो फेब्रुवारी मार्चमधे, एकेका लग्नाचे पंधरा वीस हजार. रोख पद्धत धरली तर हा बयाणा मार्चच्या वर्षात मोजायचा, लग्न लागायच्या आधीच. मर्कंटाईल धरली तर काम केल्यावर, म्हणजे पुढच्या वर्षात. त्याच्यासाठी कदाचित दुसरी बरी, माझ्यासाठी पहिली. म्हणजे सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही, आपला पैसा आधी येतो का नंतर येतो ते बघून पद्धत ठरवावी लागते, आणि ते धंदा सुरू करतानाच विचारायला पाहिजे, पण तेव्हा विचारतो कोण. आणखी एक, तो छोट्या धंद्यांसाठीच्या कलम ४४एडी मधे भरतो, तिथं उलाढालीच्या आठ टक्के नफा धरायचा आणि बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या रकमेवर सहा टक्के. त्या कलमात असं लिहिलंय की पैसे वर्षात आले किंवा रिटर्नच्या शेवटच्या तारखेपर्यंत जरी बँकेतून आले तरी सहा टक्केच. म्हणजे मार्चमधल्या विक्रीचे पैसे मागून येतात हे कायदा करणाऱ्यांनाही माहीत आहे.

काही लोक म्हणतात बारा लाखापर्यंत टॅक्सच नाही आता, कुठल्या का वर्षात धरा, काय फरक पडतो. फरक पडतो. एका आर्किटेक्टचं उदाहरण घ्या. पहिल्या वर्षी बावीस लाख आवक आणि दुसऱ्या वर्षी बावीस लाख, निम्म्याच्या हिशोबानं अकरा आणि अकरा लाख उत्पन्न, २०२५-२६ च्या नवीन रिजीमच्या दरानं दोन्ही वर्षी टॅक्स शून्य. त्याच चार लाखांची बिलं एका वर्षातून दुसऱ्यात सरकली, अठरा आणि सव्वीस झाले, तर उत्पन्न नऊ आणि तेरा लाख, आणि त्या तेरा लाखावर सेससकट अठ्ठ्याहत्तर हजार रुपये टॅक्स. काम तेवढंच, पैसे तेवढेच. एका संस्थेनं बिल दोन महिने दाबून ठेवल्याचा हा भुर्दंड. आणि ज्याची आवक वीस लाखाच्या वर जाते त्याला जीएसटी घ्यावा लागतो, तिथं तर हिशोब आणखी वेगळा, बिल दिल्याची तारीख आणि पैसे आल्याची तारीख यात जी आधी ती धरतात, म्हणजे इन्कम टॅक्सला रोख पद्धत चालवली तरी बिल फाडलं की जीएसटी खिशातून भरायचा, पैसे सोयाबीनवर. हे मला खरंच अन्यायाचं वाटतं, लहान माणसाला तरी पैसे आल्यावर भरायची सवलत पाहिजे.

म्हणून माझं खरं गाऱ्हाणं टॅक्स खात्यापेक्षा बिलं दाबून ठेवणाऱ्यांशी आहे. मार्च एंडला खर्च टाकायची सगळ्यांना घाई, पैसे द्यायची नाही. यावर कायद्यानं एक चांगली गोष्ट केलीय जी आमच्या भागात फार कमी लोकांना माहीत आहे. उद्यम या सरकारी पोर्टलवर नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल असेल, त्यात आमच्यासारख्या सेवा देणारे पण येतात, तर लेखी करार असला तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसात आणि करार नसला तर पंधरा दिवसात पैसे द्यावे लागतात. नाही दिले तर २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून धंदा करणाऱ्या देणेकऱ्याला त्या बिलाचा खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही, कलम ४३बी मधे तसं घातलंय. आणि उशिराचं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, ते २००६ च्या एमएसएमई कायद्यापासूनच आहे. उद्यमची नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, सरकारच्या वेबसाईटवर होते, कुणाला हजार दोन हजार द्यायची गरज नाही. मी केली, आणि आता बिलावर तो नंबर छापते. एका बिल्डरचे पैसे खरोखर लवकर आले, त्यांच्या अकाउंटंटनंच मार्चमधे फोन करून खाते नंबर विचारला, असं चौदा वर्षात पहिल्यांदा झालं.

मी स्वतः आता काय करते ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर होईल. एक साधी दोनशे पानी वही, प्रत्येक कामाच्या ओळीत तीन तारखा, बिल दिलं ती, टीडीएस कापला ती, पैसे आले ती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती वही घेऊन बसते कारण ४४एडी आणि ४४एडीए वाल्यांना ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आतच भरायचा टॅक्स, चार हप्त्यात नसतो, सगळा एकदाच १५ मार्चपर्यंत भरायचा असतो, टीडीएस वजा जाता दहा हजाराच्या वर निघत असेल तर. १५ तारखेनंतर एखादी मोठी फी आलीच तर ३१ मार्चपर्यंत भरलेला पण ॲडव्हान्स टॅक्सच धरतात, थोडं व्याज लागतं तेवढंच. आणि रिटर्न भरायच्या आधी २६एएस आणि एआयएस (आपल्या वर्षभरातल्या व्यवहारांची टॅक्स खात्याची यादी) समोर ठेवून वहीतल्या तारखांशी ताळा घेते, जिथं टीडीएसचं वर्ष आणि पैशाचं वर्ष वेगळं आहे तिथं लाल पेनानं खूण.

१ एप्रिल २०२६ पासून नवीन २०२५ चा इन्कम टॅक्स कायदा आहे, वर दिलेले इन्कम टॅक्सच्या कलमांचे नंबर १९६१ च्या कायद्यातले, नव्यात ते वेगळे, आणि आर्थिक वर्ष आणि असेसमेंट इयरचा (कमाईचं वर्ष आणि रिटर्न तपासायचं वर्ष) घोळ जाऊन एकच करवर्ष, हे चांगलंच आहे कारण त्या दोन वर्षांच्या नावातच आमची निम्मी माणसं गोंधळतात. पण पैसे उशिरा येण्याचा प्रश्न नंबर बदलून जाणार नाही.

तेव्हा साहेब दोन विनंत्या आहेत. आपल्या पेपरनं पगारदारांसारखं आमच्यासाठीही एक पान काढावं, मार्चमधे नाही तर जानेवारीत, म्हणजे हातात वेळ असतो, आणि त्यात उदाहरणं आमच्या भागातली घ्यावी. दुसरी विनंती बिलं देणाऱ्या संस्था आणि कंपन्यांना, ज्या दिवशी आमच्या पॅनवर टीडीएस भरता त्या दिवशी एक मेसेज टाका, किती कापला आणि पैसे कधी देणार. मला ते बारा हजार कापल्याचं चार महिन्यांनी २६एएस उघडल्यावर कळलं होतं.

आपली नियमित वाचक,
एक सिव्हिल इंजिनिअर, लातूर
(नाव छापू नये ही विनंती)